नैवेद्याआधी

"वहिनी, वस्तादांना म्हणावं, पासपोर्ट शोधून ठेवा. काम झालं!"

नझीर फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडला की गार्गीने, माझ्या मुलीने, फोन कानापासून लांब धरला. मी नैवेद्याचं ताट ठेवण्यासाठी देवांपुढे पाण्याचा चौकोन काढत होते. हात मध्येच थांबवता येत नाही. मी खुणेनेच तिला सांगितलं, बाबांना दे.

हे पडवीत पेपर वाचत बसले होते. तिने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काय रे, काम झालं म्हणजे?"

"मंजुरी आली, वस्ताद! माझ्या हॉटेलात बाहेरून एक कुक आणायची परवानगी. स्पॉन्सर मी, कुक तुम्ही. आता फक्त तुमची स्किल असेसमेंट राहिली."

"बावीस वर्षं कढईपुढे उभा आहे. आता कसली असेसमेंट?"

"इथे न्हाव्यालासुद्धा परीक्षा देऊन कात्री हातात घ्यावी लागते, वस्ताद. पण तुम्हाला काय भीती? मला इथे चार कुक मिळतील हो. नुसतं हुंगून सोलकढीतलं आमसूल यंदाचं की गेल्या सालचं ते सांगणारा माणूस कुठे मिळणार?"

हे हसले. मी देवघरातून पाहत होते. हसताना त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी त्या पेपरची जाडजूड वडी झाली आणि पुढे घडी बसेना.

नझीर मुकादम आमच्याच भागातल्या राजिवड्याचा. पोरवयात तो, हे कुक होते त्या हातखंब्याच्या हॉटेलात भांडी घासायला आला होता. यांनी त्याला आधी कांदा कापायला, मग फोडणीला, मग गिऱ्हाइकाला अन्न कसं द्यायचं ते शिकवलं. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडच्या एका लहान गावात त्याने स्वतःचं हॉटेल काढलं. दर ईदला त्याचा फोन यायचा. "वस्ताद, तुम्हाला इथे आणल्याशिवाय मी मरत नाही," असं म्हणायचा. आम्ही ते मनावर घेत नव्हतो. आता घेण्यासारखी वेळ आली होती. यांचं ते हॉटेल हायवेच्या रुंदीकरणात जाणार होतं, दिवाळीनंतर बंदच. यांना मार्गशीर्षात पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि व्हिसाचा अर्ज त्याच्या आत जायला हवा होता. गार्गी दहावीला होती. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

आणि यांना चव कळत नव्हती.

साथीच्या दुसऱ्या लाटेत हे मरणाच्या दारातून परत आले होते. जीव परत आला, वास आणि चव तेवढी तिकडेच राहिली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. मला ते कसं कळलं सांगते. वैशाखातले दिवस होते. रात्रीची आमटी आंबली म्हणून मी टाकायला बाजूला काढून ठेवली होती. यांनी ती भातावर ओतून घेतली, जेवले आणि म्हणाले, "छान झालीय." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. मग उठून हात धुतले. त्या दिवसापासून मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं आणि आम्ही दोघंही गप्प होतो.

हॉटेलात कोणाला संशय आला नाही. मोठा कुक स्वतः चाखत नाही, हाताखालच्याला म्हणतो, "बघ रे जरा मीठ." तो बघायचा. हे नुसते मान हलवायचे.

असेसमेंटचं पत्र आठवड्याभरात आलं. अनुभवाचे दाखले, पगाराच्या पावत्या, कामावरचे फोटो हे सगळं पाठवून झालं होतं. शेवटची पायरी म्हणजे प्रत्यक्ष स्वयंपाक. आपण आपल्या कामाच्या किचनमध्ये रांधायचं, एकाने समोर मोबाइल धरायचा आणि तिकडून परीक्षक बघणार. किचनमध्ये दुसरा कुक असता कामा नये. मोबाइल धरणारं माणूस स्वयंपाक न शिकलेलं, घरचं चालेल.

हे दुपारी लवकर घरी आले. गार्गी शाळेत होती. मी तुळशीपाशी वाती वळत बसले होते. माझ्यासमोर पायरीवर बसले.

"मोबाइल तू धरशील ना?"

"धरेन की."

"चाखायला सांगतातच म्हणे. नझीर म्हणाला. चाखून नक्की काय कमी, काय जास्त ते विचारतात."

मी वात वळत राहिले.

"तू माझ्यासमोरच उभी असणार," हे म्हणाले. "कॅमेरा माझ्याकडे. तू कोणाला दिसणार नाहीस. मी चाखलं की तूही पटकन बोटाने चाखायचंस. मीठ कमी असेल तर एक बोट. जास्त असेल तर दोन. बरोबर असेल तर मूठ."

"अहो, असं काय बोलता!"

"यात काय आहे? कोणाचं नुकसान आहे?"

"मी नैवेद्याआधी जिभेला काही लावत नाही, तुम्हाला माहीत आहे."

तसा तो नियम आमच्या सासूबाईंचाही होता. देवाला दाखवायच्या अन्नाची चव रांधणारीने घ्यायची नाही. पण त्यांचं ते घरच्या स्वयंपाकापुरतं. मी गेलं दीडेक वर्ष जास्तच कडक पाळत होते. लग्नाकार्याला गेले, माहेरी गेले, तरी देवीला दाखवल्याशिवाय शिजलेल्या अन्नाचा कण तोंडात घालत नव्हते. पानावर आधी घास काढून ठेवायचा, डोळे मिटून आमच्या जाखमातेला दाखवायचा, मग जेवायचं. बायका हसायच्या. हे त्याला "वैजूचं सोवळं" म्हणायचे.

"वैजू, देव सगळ्यांच्या घरी असतात," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "एक थेंब जिभेला लागला तर तुझी देवी रुसेल? तिला दोन नारळ जास्त देऊ."

"नारळाचं नाही हो ते."

"मग कसलं आहे?"

ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "नझीरला सांगून टाका ना. तो तुम्हाला बापाच्या जागी मानतो."

"सांगितलं तर नेईल?"

"आणि न सांगता गेलात तर तिथे कोण चाखेल?"

"तिथे तू असशील," हे म्हणाले. मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. उठले आणि परसात जाऊन उगाच सुपातली आमसुलं उलटीपालटी करायला लागले.

थोड्या वेळाने मी मागे गेले. "चाखणार नाही मी," म्हटलं. "पण न चाखता कसं रांधायचं ते मला येतं. ते हवं तर बसून बघा."

"आता बायकोकडून शिकायचं!"

"शिकू नका. नुसते बसा."

असे आम्ही श्रावणभर बसलो. खरं सांगायचं तर शिकवण्यासारखं माझ्याकडे फार नव्हतं. मीठ मुठीत घेतलं की त्याचा भार कळतो. वाटण परतून झालं की कडेने तेल सुटतं आणि कढईचा आवाज बारीक होतो. एवढं तर यांना माझ्याहून जास्त येत होतं. त्यांच्या हाताला सगळं ठाऊक होतं, पण हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पुन्हा पुन्हा चमचा तोंडाकडे न्यायचे आणि मध्येच थांबायचे.

"अंदाजाने मीठ घालायला मी काय देवळातला पुजारी आहे?" म्हणायचे.

"पुजाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. प्रसाद कसाही झाला तरी लोक हात पुढे करतातच," मी म्हणायचे.

मग हसायचे. त्या दिवसांत हे पुष्कळ हसले. गार्गी म्हणाली, "आई, बाबा पहिल्यासारखे झाले ना गं?" मी हो म्हटलं. मलाही तसं वाटायला लागलं होतं. गणपतीनंतर तर ती इंटरनेटवर तिकडच्या शाळांचे गणवेश शोधत बसायची आणि हे तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे. "हा रंग नको, मळेल," म्हणायचे.

असेसमेंट शुक्रवारी सकाळी होती. हॉटेलचे मालक रेडीज शेठ भला माणूस. त्यांनी त्या सकाळी हॉटेल बंद ठेवलं. पहाटे मी देवीची पूजा केली, साखरेचा नैवेद्य दाखवला आणि यांच्याबरोबर निघाले. घरून निघताना यांनी देवाला नमस्कार केला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

स्क्रीनवर एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. नाव हेलन. अगदी सावकाश, शब्द सुटा करून बोलत होत्या. हे तरुणपणी जहाजाच्या किचनमध्ये चार वर्षं होते, त्यामुळे त्यांना इंग्रजीची अडचण नव्हती. मलाही बरंचसं समजत होतं.

बाईंनी आधी हात दाखवायला सांगितले, मग सुऱ्या, मग फ्रिजचं तापमान. यांनी मासळीच्या तुकड्या पाडल्या, त्या सगळ्या एकसारख्या. सॉस केला, भात केला, भाज्या केल्या. मी मोबाइल धरून त्यांच्यासमोर सरकत होते. दर वेळी हे नवा चमचा घ्यायचे, तोंडात घालायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. "थोडं लिंबू हवं," म्हणायचे आणि पिळायचे. अगदी खरं वाटायचं. हा माणूस दीड वर्ष रोज हे नाटक करत होता. आमच्या घरातसुद्धा.

"फार छान," हेलनबाई म्हणाल्या. "तुमचे हात बोलतात. आता एक शेवटचं. मिस्टर रेडीजना बोलवा."

रेडीज शेठ झाकलेला ट्रे घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत केल्यासारखं हसू होतं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! बाईंनी त्यांना आधीच मेल करून ठेवला होता. ट्रेमध्ये तीन वाट्या होत्या. तिन्हीत ओल्या खोबऱ्याचा, एकाच रंगाचा रस्सा.

"यातली एक वाटी गिऱ्हाइकाला देण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या. "एकीत मीठ नाही. एक कालची आहे, खराब व्हायला लागलेली. हुंगा, थेंबभर चाखा. कोणती पाठवाल ते सांगा."

यांनी पहिली वाटी नाकाशी नेली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीतला थेंब चमच्याने जिभेवर ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. परत पहिलीशी गेले. घामाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरला. आंबलेल्या वाटणाचा वास मला पुसटसा येत होता, पण वाट्या एकमेकींना चिकटून होत्या. कुठल्या वाटीचा ते समजेना. आणि मीठ तर वासाने कळत नाही.

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

यांनी वर पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मला नाही म्हणता आलं असतं.

मनातल्या मनात आधी देवीला दाखवू, असं एकदा आलं डोक्यात. पण त्यातली एक वाटी नासलेली होती. नासलेलं अन्न देवीला दाखवायचं? ते तर नुसतं चाखण्याहून वाईट. मग मी त्यापुढे विचारच केला नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला देवी आठवत नव्हती. मला कानामागचा तो घाम दिसत होता. मी मोबाइल उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पहिल्या वाटीकडे नेला. बोट रश्शाला लागलं. कोमट होता.

"वैजू. नको."

हे मराठीत बोलले. मोठ्याने. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझं बोट तसंच हवेत राहिलं.

यांनी चमचा खाली ठेवला. नॅपकिनने हात पुसले, अगदी नखापर्यंत. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मला चव लागत नाही. वासही येत नाही. दीड वर्ष झालं."

रेडीज शेठ भिंतीला टेकले.

"तुम्ही आत्ता इतकं सगळं रांधलंत ते?" बाईंनी विचारलं.

"हाताने रांधलं."

बाईंनी चष्मा परत खाली सोडला. मग म्हणाल्या, "मला हा प्रश्न विचारावाच लागेल. या तिन्हीतली कोणती वाटी पाठवाल?"

"एकही नाही," हे म्हणाले. "मला कळत नाही, म्हणून एकही नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "थँक यू," म्हणाल्या. "आय ॲम सॉरी." या दोन वाक्यांचं मराठी मला तेव्हा करावंसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मग स्क्रीन काळी झाली. मी कितीतरी वेळ ती काळी स्क्रीन तशीच यांच्यासमोर धरून उभी होते. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि नळ सोडून माझं बोट धुतलं.

हातखंबा तिठ्यावर आम्ही एस.टी.ची वाट बघत बसलो. यांनी शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि न खाता हातात धरून ठेवली.

"का थांबवलंत मला?" मी विचारलं. "मी लावणारच होते जिभेला."

"म्हणून तर थांबवलं."

"तुम्हीच म्हणाला होतात, एका थेंबाने काय होतंय."

हे रस्त्याकडे बघत होते. रुंदीकरणाचे डंपर धूळ उडवत जात होते.

"तू नवस बोलली होतीस," हे म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. नवस सांगायचा नसतो. मी आईला सांगितला नव्हता, बहिणीला नाही, गार्गीला नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. मी वॉर्डात होतो तेव्हा सिस्टरने तुला व्हिडिओ कॉल लावून दिला होता, आठवतं? नळ्या होत्या, मला बोलता येत नव्हतं. तू दोन शब्द बोललीस आणि तुला रडू आलं. तुला वाटलं, फोन बंद केला. तो चालू होता. देवीपुढेच ठेवला होतास. मला छपराचे कोने दिसत होते आणि तुझा आवाज येत होता."

मी पदर तोंडाला लावला.

"'माझं माणूस घरी आण,' म्हणालीस. 'तुला दाखवल्याशिवाय शिजलेल्या अन्नाचा कण जिभेला लावणार नाही.' आणि पुढे म्हणालीस, 'लावला, तर दिलंस ते परत घे.'"

ते शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एस.टी. आली, आमची नव्हती, गेली.

"माहीत होतं, तरी मला चाखायला सांगितलंत," मी म्हटलं. मला रागवायचं होतं. जमलं नाही.

"सांगितलं. मला जायचं होतं गं. एवढं काही नीट हाताशी आलेलं आयुष्यात पहिल्यांदाच. वाटलं, बोललेले शब्द ते. देवी काय वकील लावून बसलीय? तू नाही म्हणालीस तेव्हा राग आला. आणि सुटल्यासारखंही झालं."

"मग आज?"

"आज तुझा हात येताना दिसला आणि घाबरलो."

"जिवाला?"

"छे! जीव काय, जायचा तेव्हा जाईल." त्यांनी पुडी उघडली, परत मिटली. "तिथे गेल्यावर मला नुसती शिंक आली असती, तरी तू उठून बसली असतीस. ताप आला असता तर वेडी झाली असतीस. रोज सकाळी आधी माझा श्वास बघितला असतास, मग तुळशीला पाणी. जन्मभर. तसं तुला घेऊन मी कुठे जाणार होतो?"

मी त्यांच्या हातातली पुडी घेतली, दोन दाणे पदरावर बाजूला काढले, डोळे मिटले. मग पुडी त्यांच्यापुढे धरली आणि आम्ही दोघांनी शेंगदाणे खाल्ले.

दुपारी, तिकडची संध्याकाळची नमाज झाल्यावर, नझीरचा फोन आला. मी म्हटलं, मी बोलू का. हे म्हणाले, नाही, ते माझं काम आहे. फोन स्पीकरवर ठेवून यांनी सगळं सांगितलं, काही मऊ न करता.



"दीड वर्ष, वस्ताद? आणि मला नाही सांगितलंत?"

"तू नेलं नसतंस."

"नसतंच नेलं." तो म्हणाला. "ज्याला वास कळत नाही त्याच्या हाती गिऱ्हाइकाचं पोट द्यायचं नाही. नासकं वाटण वापरलं म्हणून मला कोणी थोबाडीत मारली होती? तुम्ही. अख्ख्या हॉटेलासमोर."

"मीच."

"आज त्या तीन वाट्या आल्या नसत्या तर तुम्ही आला असता?"

मला वाटलं, आता तरी नाही म्हणतील.

"आलो असतो," हे म्हणाले.

मग नझीर म्हणाला, "वहिनींना सलाम सांगा," आणि फोन ठेवला. पुढे बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. निकालाचं पत्र आलं, त्यात लिहिलेलं आम्हाला माहीतच होतं. त्याने दुसरा कुक नेला. दिवाळीनंतर हॉटेल पाडलं. हे मिरकरवाड्याच्या जेटीवर एका कॅन्टीनसाठी मासळी घ्यायला जायला लागले. मासळी डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखता येते. ईदला नझीरचा फोन आला तेव्हा तो आधी माझ्याशी बोलला आणि मग स्वतःच म्हणाला, "द्या वस्तादांकडे." पण हे सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी साधी आमटी आणि भात केला. गार्गीला काय घडलं ते सांगितलं होतं. ती खोलीत जाऊन रडली, मग तोंड धुऊन पानं घ्यायला आली. शहाणी मुलगी. मी दिवा लावला, नैवेद्य दाखवला, वाढलं.

यांनी पहिला घास घेतला. "छान झाली—" म्हणाले आणि थांबले. घास तसाच गालात. गार्गीने माझ्याकडे पाहिलं.

"वैजू," ते खाली बघतच म्हणाले, "कशी लागतेय?"

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं. मी घास घेतला. सांगायला गेले तर शब्दच सापडेनात. आपण खातो, बोलत नाही.

"आंबट आहे," मी म्हटलं.

"चिंचेचं आंबट की आमसुलाचं?"

"आमसुलाचं."

"म्हणजे जिभेच्या कडांना लागत असेल."

"हो. कडांनाच."

त्यांनी डोळे मिटले. आता ते नाटक नव्हतं. "मग गूळ मागून येत असेल. गिळताना."

"येतोय."

"आणि मीठ?"

गार्गीचा हात मिठाच्या वाटीकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. रोज ती न बोलता वरून मीठ घ्यायची. तिला वाटायचं, आईचा न चाखता स्वयंपाक, चुकतं एखादवेळी.

"कमी आहे," मी म्हटलं. "हॉस्पिटलातून आलात तेव्हापासून कमीच आहे. मी रोज चिमूटभर कमी घालते."

त्यांनी डोळे उघडले. "का?"

"वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही ओरडाल माझ्यावर. आळणी केलीस म्हणून."

मग गार्गीच्या पुढ्यातली मिठाची वाटी त्यांनी उचलली आणि माझ्या पानाजवळ ठेवली. आपलं ताट माझ्याकडे सरकवलं.

"घाल," म्हणाले. "लागेल तेवढं घाल आता."